धुळीतला विस्तव

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या आवारात पिवळ्या गंधकाची पोती येऊन पडतात. गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात, तेव्हा रस निवळतो आणि साखर पांढरी होते. हिंगोली जिल्ह्यात गंधक आणखीही ठिकाणी भेटते. भुरी रोगावरचे औषध म्हणून ते कृषी सेवा केंद्राच्या फळीवर असते, आणि शेतकऱ्याच्या घरात बियाण्याच्या पोत्याशेजारी. माणसे ते पिठासारखे हाताळतात. वासापलीकडे त्याची भीती कुणाला वाटत नाही. गंधकाचा खडा सावकाश जळतो हे खरेच. पण तोच खडा दळून मैद्यासारखा केला आणि ती पूड बंद खोलीत हवेवर उधळली गेली, तर एका ठिणगीने सारी खोली पेटते. कण जितका बारीक, तितकी त्याला चहूबाजूंनी हवा मिळते. वसमतच्या बाजारात जिच्यावर हजारो संसार चालतात त्या हळदीची पूड, साखरेची धूळ, गव्हाचे पीठ, दगडी कोळशाची भुकटी, सगळ्यांना हाच नियम लागू आहे.

हा नियम जगाला समजावून सांगणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एकाला आपण सारे शाळेपासून ओळखतो, पण वेगळ्याच कामासाठी. मायकेल फॅरडे म्हटले की आपल्याला तारेचे वेटोळे आणि लोहचुंबक आठवते. 1831 साली त्याने लावलेल्या शोधावर आजची विद्युत जनित्रे चालतात. पण हा माणूस मुळात रसायनशास्त्रज्ञ होता, आणि स्फोटाशी त्याची ओळख ऐन विशीत झाली होती.

22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी तो जन्मला. शाळा जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचू लागला. 1812 साली त्याला सर हंफ्री डेव्हीची व्याख्याने ऐकायला मिळाली. त्यांची टिपणे नीट उतरवून, स्वतःच्या हाताने बांधून त्याने ती डेव्हीलाच पाठवली. त्याच सुमारास नायट्रोजन ट्रायक्लोराइड या भयंकर द्रवाच्या स्फोटात डेव्हीच्या डोळ्यांना इजा झाली होती. 1813 च्या मार्चमध्ये फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून रुजू झाला, आणि थोड्याच दिवसांत त्याच द्रवाने त्यालाही जखमी केले. पुढे 1815 साली डेव्हीने खाणकामगारांसाठी जाळीचा सुरक्षादीप केला, तेव्हा मदतीला फॅरडे होताच.

28 सप्टेंबर 1844 रोजी इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात हॅसवेलच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. 95 जण गेले, त्यांत लहान पोरेही होती. त्यांपैकी पुष्कळांचा जीव ज्वाळांनी नव्हे, तर स्फोटामागून पसरलेल्या विषारी हवेने घेतला. मृतांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलाने थेट पंतप्रधान पील यांच्याकडे धाव घेतली, आणि सरकारने फॅरडे व भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना चौकशीला पाठवले. फॅरडे तेव्हा 53 वर्षांचा होता, प्रकृती खालावलेली होती. तरी तो नुसता कोर्टात बसून राहिला नाही. साक्षीदारांना मुरलेल्या वकिलासारखे प्रश्न विचारून झाल्यावर स्वतः खाणीत उतरला.

खाणीत हवा किती वेगाने खेळते हे कसे मोजता, असे त्याने विचारले. दाखवणाऱ्याने तपकिरीसारखी चिमूटभर बंदुकीची दारू घेतली, मेणबत्तीच्या ज्योतीवर सोडली, आणि दुसऱ्याने धूर ठरावीक अंतर किती वेळात कापतो ते घड्याळात पाहिले. ही दारू ठेवता कशात, हा फॅरडेचा पुढचा प्रश्न. एका पिशवीत, तोंड घट्ट बांधून. आणि पिशवी कुठे आहे? पाहुण्यांना टेकायला मऊ काही असावे म्हणून ती त्याच्याच खाली अंथरली होती! ही हकिकत लायेलने नोंदवून ठेवली. खाणीतली माणसे बेपर्वा किंवा मूर्ख नव्हती. रोजच्या सहवासाने धोका घरच्यासारखा झाला होता, एवढेच.

या चौकशीत फॅरडे आणि लायेल यांना जे दिसले ते महत्त्वाचे होते. खांबांवर आणि लाकडी टेकूंवर स्फोटाच्या बाजूने भाजून घट्ट झालेल्या कोळशाच्या धुळीचा थर बसला होता. म्हणजे सुरुवात वायूने केली खरी, पण त्या झटक्याने जमिनीवरची, छतावरची धूळ उठली, पेटली आणि आग पुढे पुढे नेत गेली. पहिला स्फोट लहान, दुसरा मोठा. आणि दुसऱ्याचे इंधन आपणच साचू दिलेले. अहवालात त्यांनी हे मांडले. खाणीच्या पोकळ भागातला वायू नळांनी ओढून काढण्याचा उपायही सुचवला. खाणमालकांच्या समितीने तो अव्यवहार्य आणि खर्चिक ठरवला. धुळीचा मुद्दा तर कित्येक दशके तसाच पडून राहिला. 10 मार्च 1906 रोजी फ्रान्समध्ये कुरिएरच्या खाणीत 1,099 माणसे मेली, तेव्हा कोळशाच्या धुळीबद्दल शंका घ्यायला जागा उरली नाही.

फॅरडे मात्र हा धडा मुलांना शिकवत राहिला. मेणबत्तीवरच्या प्रसिद्ध नाताळ-व्याख्यानांत तो लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीची पिवळसर पूड पेटवून दाखवी. ज्वाळेचा एकच ढग उठे. पण प्रत्येक कण स्वतंत्रपणे जळतो आहे हे तो त्या फस्सदिशी होणाऱ्या आवाजावरून पटवून देई. गंधकाशीही त्याचा एकदा संबंध आला. क्रिमियन युद्धात, 1854 साली, गंधक जाळून त्या धुराने शत्रूला हटवण्याची एक योजना सरकारपुढे होती. तिच्यावर मत मागितले तेव्हा त्याने प्रत्यक्षातल्या अडचणी पुढे ठेवून भरवसा दिला नाही. सरदारकी त्याने नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. 25 ऑगस्ट 1867 रोजी तो गेला.

हॅसवेलची गोष्ट जुनी झाली असे कुणी म्हणू नये. 7 फेब्रुवारी 2008 रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका साखर कारखान्यात साखरेची धूळ पेटून 14 कामगार दगावले. तिथेही पहिल्या धक्क्याने साचलेली धूळ खाली आली आणि इमारतीभर स्फोटांची मालिका झाली. बँकेत असताना तारण मालाच्या तपासणीसाठी मी पुष्कळ गोदामे हिंडलो. पोती मोजायची, कुलपे पाहायची, विम्याची तारीख तपासायची. माझ्या हाताखालून गेलेल्या तपासणीपत्रकांत तुळईवरच्या धुळीसाठी रकाना नव्हता.

तो रकाना आता ज्याने त्याने आपल्या मनात आखावा. पूड साचली की लगेच काढावी, आणि ती झाडूने उडवून किंवा हवेच्या नळीने फुंकून नव्हे, तर ओल्या फडक्याने अथवा ठिणगी न पडणाऱ्या शोषक यंत्राने. फावडे लोखंडी नको. लाकडी किंवा पितळी बरे. दळणयंत्राला अर्थिंग हवे, कारण घर्षणातून साठलेली वीजही ठिणगी पाडते. आवार झाडूनपुसून घेतल्याशिवाय वेल्डिंग करू नये. गंधक नायट्रेटच्या खताशेजारी ठेवू नये, आणि बिडीकाडी दाराबाहेरच राहावी.

इतके करूनही पेट घेतलाच तर आधी माणसे बाहेर काढावीत आणि 101 ला फोन करावा. गंधकाची ज्योत निळी असते, उन्हात ती दिसतही नाही. जोराचा फवारा मारला तर पूड उडून तीच पेटते. म्हणून आग थोडी असेल तर हलक्या हाताने वाळू टाकावी, पाणी मारायचे तर बारीक तुषारांनीच. धूर फुप्फुसे जाळतो आणि हवेपेक्षा जड असल्याने सखल जागी साचतो. तेव्हा वाऱ्याच्या पाठीकडून उभे राहावे, आणि आत अडकलेल्यासाठी श्वसनयंत्राशिवाय धावू नये. एकाच्या मागे दुसरा असा जीव जातो. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे आणि दवाखाना गाठावा.

यातले बहुतेक उपाय फारसे पैसे मागत नाहीत, ओले फडके तर नाहीच नाही. हॅसवेलच्या मालकांपाशी निदान खर्चाची सबब होती.