राजर्षी शाहू महाराज आणि वेठबिगार निर्मूलन

राजर्षी शाहू महाराज (२६ जून १८७४ – ६ मे १९२२) हे कोल्हापूर संस्थानाचे छत्रपती व समाजसुधारक होते. शिक्षणप्रसार, अस्पृश्यता निवारण आणि नोकऱ्यांतील राखीव जागा यांसाठी ते प्रामुख्याने ओळखले जातात. मोबदला न देता सक्तीने काम करून घेण्याची वेठबिगार पद्धत आणि तिला आधार देणारी महार वतने त्यांनी आपल्या संस्थानात कायद्याने बंद केली. भारतातील श्रमिकांच्या हक्कांच्या इतिहासात हे आरंभीचे व महत्त्वाचे पाऊल मानले जाते.

प्रारंभिक जीवन

शाहू महाराजांचा जन्म कागल येथील घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडिलांचे नाव जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब व आईचे नाव राधाबाई होते. चौथ्या शिवाजींच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेतले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात व त्यानंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

नोकऱ्यांविषयीचे धोरण

राज्यारोहणाच्या वेळी संस्थानातील बहुतेक अधिकारपदे व कारकुनी जागा एकाच जातीच्या हाती होत्या. २६ जुलै १९०२ रोजी काढलेल्या आदेशाने महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. आदेशाची अंमलबजावणी होते की नाही हे कळावे, यासाठी खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी विवरणपत्र पाठवावे, असेही त्यात ठरवले होते.

पुढे सरकारी कचेऱ्यांत व संस्थांत अस्पृश्यांना समानतेने वागवण्याचे आदेश निघाले. ज्या नोकरांना हे मान्य नसेल त्यांनी ठरलेल्या मुदतीत राजीनामा द्यावा, त्यांना निवृत्तिवेतन मिळणार नाही, अशी तरतूद त्यात होती. समान वागणूक ही अशा रीतीने नोकरीचीच एक अट बनली.

वेठबिगार व महार वतन

वेठ म्हणजे मजुरी न देता सक्तीने घेतलेले काम. गावात अधिकारी आला की त्याचे सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणे, जळण व वैरण आणणे, सरकारी टपाल व निरोप नेणे, वसुलीच्या वेळी रयतेला चावडीवर बोलावून आणणे, रात्रीची गस्त घालणे, मेलेली जनावरे ओढून नेणे अशी कामे महार समाजाकडून करून घेतली जात. या कामांना ठरावीक वेळ नव्हती व मजुरीचा दरही नव्हता. घरातील कर्ता पुरुष हजर नसेल, तर कुटुंबातील दुसऱ्याला कामाला जावे लागे.

या सेवेचा मोबदला म्हणून वतनाची जमीन व बलुते दिले जाते, असे समर्थन केले जाई. प्रत्यक्षात वतनाची जमीन पिढ्यानपिढ्या वाटली जाऊन तिचे तुकडे पडत गेले. सेवा मात्र कमी झाली नाही. काम नाकारल्यास वतन जाण्याची भीती असे. त्यामुळे वतनदाराला मजुरी मागता येत नव्हती आणि काम सोडून दुसरीकडे जाणेही अवघड होते. वतन हा मान समजला जात असला, तरी व्यवहारात ते संपूर्ण कुटुंबाला बांधून ठेवणारे साधन झाले होते.

शाहू महाराजांनी या पद्धतीच्या मुळाशी असलेल्या जमीनधारणेलाच हात घातला. जून १९१८ मध्ये त्यांनी महार वतने रद्द केली आणि त्या जमिनी रयतावा करून धारकांच्या नावे केल्या. जमिनीवर सारा लागू झाला, परंतु ती सेवेच्या बंधनातून मोकळी झाली. त्याच वर्षी कुलकर्णी वतने रद्द करून गावोगावी पगारी तलाठी नेमण्यात आले. तलाठ्याच्या कामाचे शिक्षण देऊन काही महार तरुणांनाही या पदावर नेमले गेले. काही जातींना पोलिसांकडे रोज द्यावी लागणारी हजेरीही १९१८ मध्येच बंद झाली. १९२० साली स्वतंत्र आदेश काढून वेठबिगार बंद करण्यात आली.

गंगाराम कांबळे प्रकरण

राजवाड्याच्या पागेत नोकरीस असलेले गंगाराम कांबळे यांना मराठा नोकरांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावल्यावरून सहकाऱ्यांनी मारहाण केली. महाराज त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर त्यांनी मारहाण करणाऱ्यांना शिक्षा केली. कांबळे यांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंद्यासाठी आर्थिक साहाय्य दिले. कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले. अस्पृश्याच्या दुकानात लोक येईनात, तेव्हा महाराज आपली गाडी तेथे थांबवून सर्वांसमक्ष चहा घेऊ लागले व बरोबरच्या मंडळींनाही देऊ लागले. महाराजांच्या निधनानंतर कोल्हापुरात त्यांचे स्मारक उभारण्यात कांबळे यांनी पुढाकार घेतला.

उद्योग व कामगार

२७ सप्टेंबर १९०६ रोजी कोल्हापुरात शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची पायाभरणी झाली. शाहूपुरी व्यापारपेठ आणि राधानगरी धरण हीदेखील महाराजांचीच कामे होत. मुंबईतील परळ येथे कामगारांपुढे बोलताना त्यांनी संघटित होण्याचे महत्त्व सांगितले होते.

मर्यादा व पुढील घडामोडी

महाराजांचे आदेश कोल्हापूर संस्थानापुरते होते. हद्दीबाहेरच्या मुंबई इलाख्यात १८७४ चा वंशपरंपरागत वतनांचा कायदा लागू होता व तेथील महारांची वतनी सेवा चालूच राहिली. महाराजांनी मार्च १९२० मधील माणगाव परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाचा गौरव केला होता, तसेच त्यांच्या 'मूकनायक' पत्राला आर्थिक मदत केली होती. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ मध्ये, म्हणजे कोल्हापुरातील आदेशानंतर ४० वर्षांनी झाला.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या श्रमाविरुद्धचा करार १९३० साली संमत केला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगार मजुरांची कर्जे रद्द ठरवली. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हेही सक्तीचे श्रमच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात दिला.

निधन व वारसा

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे वयाच्या ४७ व्या वर्षी शाहू महाराजांचे निधन झाले. त्यांच्यानंतर राजाराम महाराज गादीवर आले. महाराष्ट्रात २६ जून हा त्यांचा जन्मदिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो.