पितळी मुलाने सांगितलेले नाव

माझ्या धाकट्या भावाचा रोबो परवा अडकला. आबांनी तो उघडला, तर मोटारीच्या दांडीला केसांचा गुंता! केस काढले, तेलाचा थेंब सोडला, की लागला चालायला. तेव्हा गुरुजींनी मला आंरी मायार्दे यांची गोष्ट सांगितली.

मायार्दे १७४५ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मले. ते घड्याळाचे कारागीर. पुढे लंडनला गेले. तिथे सुमारे १८०० साली त्यांनी चक्क एक पितळी मुलगा बनवला. चावी दिली की तो चार चित्रे काढी आणि तीन कविता लिही. बॅटरी नाही, वीज नाही, सगळा जोर स्प्रिंगचा. आत पितळी चकत्या फिरत. त्यांच्या कडा कुठे उंच, कुठे खोल. त्या चढउतारांवरून दांड्या सरकत आणि हात हाले. म्हणजे चित्रे त्या कडांवरच साठवलेली!

१८३० साली मायार्दे वारले. मुलगा पुढे आगीत सापडला. १९२८ साली त्याचे मोडके भाग अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये आले. देणाऱ्या घरच्यांना वाटे, हा मेल्झेल नावाच्या माणसाने केलेला. मायार्दे कुणाच्या ध्यानातही नव्हते.

तिथल्या कारागिराने चिकाटीने तो दुरुस्त केला. चावी दिली. हात हलला. चित्रे उमटली, कविता उमटल्या. शेवटच्या कवितेभोवतीच्या नक्षीत मुलाने फ्रेंच भाषेत लिहिले, की हे लिहिणारे यंत्र मायार्दे यांचे आहे.