टपालवाले जे. आर. डी. टाटा

टाटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मिठाची पुडी येते, नाहीतर उसाने भरलेला ट्रक. माझ्याही तेच यायचं. पण आमचे आबा जे. आर. डी. टाटांना टपालवाले म्हणतात. आबांनी नोकरीत असेपर्यंत सायकलवर फिरून पाच गावांचं टपाल वाटलं. त्यामुळे त्यांना जिथं तिथं टपालच दिसतं, असं मला वाटायचं. ह्या पावसाळ्यात मला कळलं की आबांचं म्हणणं खरं आहे.

त्याचं असं झालं. श्रावणात तीन दिवस झड लागली. अंगणात घोट्याएवढा चिखल, ओढा भरलेला, म्हणून शाळाही बंद. मी आणि माझा चुलतभाऊ बारक्या घरात बसून नुसते भांडत होतो. शेवटी आबांनी जुन्या वह्या काढल्या आणि आम्हाला ढाळजेत बसवून कागदाची विमानं करायला शिकवलं. कागद लांबीत मधोमध दुमडायचा, उघडायचा, वरचे दोन्ही कोपरे मधल्या रेघेला आणायचे, पुन्हा एकदा तसंच करायचं, मग मिटवून दोन्हीकडे पंख पाडायचे. घडी नखाने दाबली नाही तर विमान वाकडं जातं. नाक हलकं राहिलं तर ते वर उठतं आणि जागच्या जागी आपटतं. म्हणून नाकाला एक यू-पिन लावायची.

बारक्याने कागजीपुऱ्याच्या कागदाचा तुकडा आणला होता. कागजीपुरा आमच्यापासून जवळच, दौलताबादहून खुलताबादला जाताना लागतो. मुहम्मद तुघलकाने 1327 साली राजधानी दौलताबादला आणली, तेव्हापासून तिथं हाताने कागद करतात असं सांगतात. कागद लई सुंदर, पण जाड. घडी घातली की उघडायची. त्याचं विमान काही झालं नाही. शेवटी त्यानेही वहीचाच कागद घेतला.

मग आबांनी घरातच नकाशा मांडला. दिवळी म्हणजे कराची, जातं म्हणजे अहमदाबाद आणि दाराचा उंबरा म्हणजे मुंबईचं जुहू. विमानात चिठ्ठी खोचायची आणि ती जुहूला पोचवायची. चिठ्ठी नसेल तर ते नुसतं खेळणं, चिठ्ठी असली तर टपाल. असं का, ते सांगताना आबांनी जे. आर. डीं. चं सगळं चरित्र सांगितलं.

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पारशी, जमशेटजी टाटांच्या नात्यातले. आई फ्रेंच. लहानपणी सुट्टीत ते फ्रान्समधल्या हार्डेलो गावी समुद्रकाठी राहायचे. ब्लेरिओ नावाचे वैमानिक तिथं शेजारी होते. 1909 साली विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडली ती ह्यांनीच. वाळूवर उतरणारी विमानं बघून ह्या मुलाला वेडच लागलं. पंधराव्या वर्षी त्यांना एकदा विमानात बसायला मिळालं, आणि आपण वैमानिक व्हायचं हे त्यांनी ठरवूनच टाकलं. आपल्याकडे चिकलठाण्याला उतरणारं विमान दिसलं की सगळी पोरं माना वर करतात, पण पुढं कोणी काही ठरवत नाही.

आई लवकर वारली, नंतर 1926 साली वडील गेले. अंगावर कामाचा भार पडला. तरी मुंबईत उडायला शिकायची सोय झाल्याबरोबर ते शिकले आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना परवाना मिळाला. त्यावर नंबर होता 1. भारतात दिलेला तो पहिलाच परवाना.

इथपर्यंत आलो तेव्हा बारक्याचं विमान पाचव्यांदा जात्याच्या अलीकडेच पडलं होतं. त्याची यू-पिन कुठंतरी हरवली होती. माझ्याकडे दोन होत्या. एक विमानाला, एक मुठीत. त्याने मागितली, मी दिली नाही. आबांनी ते पाहिलं, पण मला काही बोलले नाहीत. ते आपले पुढची गोष्ट सांगू लागले.

1930 साली आगाखानांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं. भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये जो भारतीय पहिल्यांदा एकटा विमान चालवत जाईल त्याला ते मिळणार होतं. टाटा कराचीहून निघाले. तिकडून इंग्लंडहून ॲस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा निघाला होता. इजिप्तमध्ये अबुकीर इथं टाटा उतरले, तर हा ॲस्पी तिथं अडकून बसलेला. त्याच्या इंजिनाला स्पार्क प्लग हवे होते आणि ते मिळत नव्हते. टाटांकडे जादा प्लग होते. ते त्यांनी देऊन टाकले. दोघंही पुन्हा उडाले, आणि ॲस्पी थोडक्यात आधी पोचला. बक्षीस त्यालाच मिळालं. हाच ॲस्पी पुढं 1960 साली भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

मी बारक्याला यू-पिन दिली. मनातून दिली असं खोटं लिहिणार नाही. आबा माझ्याकडे बघत होते म्हणून दिली.

पुढं नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या वैमानिकाने टाटांकडे विमानाने टपाल नेण्याची कल्पना आणली. सरकार पैशाची मदत करायला तयार नव्हतं. तरी 15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी टाटा एका इंजिनाचं छोटं पुस मॉथ विमान घेऊन कराचीहून एकटे निघाले. बरोबर माणूस नाही, नुसतं 25 किलो टपाल. आबांना ह्या वजनाचं फार कौतुक, कारण दिवाळीत त्यांच्या सायकलवर तेवढंच ओझं असायचं म्हणे. अहमदाबादला पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आले होते. दुपारी विमान जुहूला उतरलं. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. ना वायरलेस, ना दिवे. जुहूचं मैदान म्हणजे समुद्रकाठचा चिखलच, पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, म्हणून विमानं पुण्याला न्यावी लागायची. एवढं असूनही पहिल्या वर्षी टपाल वेळेवर पोचलं. आबांनी हे वाक्य दोनदा सांगितलं.

त्याच सेवेची पुढं एअर इंडिया झाली. 8 जून 1948 रोजी तिचं विमान मुंबईहून लंडनला गेलं. 1953 साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली, पण 1978 पर्यंत टाटाच तिचे अध्यक्ष होते, तेही पगार न घेता. विमानात ते पडदे, चमचे आणि संडाससुद्धा स्वतः तपासायचे. 1978 साली सरकारने त्यांना पदावरून दूर केलं. पोलाद, मोटारी, मुंबईचं कॅन्सरचं इस्पितळ, अशी त्यांची कामं पुष्कळ आहेत, ती पुस्तकात वाचावीत. मला आवडतं ते हे की 1982 साली, टपालाला 50 वर्षं झाली तेव्हा, 78 वर्षांचा हा म्हातारा माणूस पुन्हा तसल्याच जुन्या विमानात बसला आणि कराचीहून मुंबईला आला. 1992 साली त्यांना भारतरत्न मिळालं. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हात ते वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. कागदाचं विमान करून द्यायला नातू नव्हता, ह्याचं मला वाईट वाटलं. एअर इंडिया 2022 साली पुन्हा टाटांकडे आली, ते बघायला ते नव्हते.

आता आमच्या टपालाचं. माझं विमान जात्यापुढं दोन पावलं गेलं आणि टेकलं. बारक्याने नाकाला माझी यू-पिन लावून विमान सोडलं. ते जात्यावरून गेलं, जुहू ओलांडलं आणि थेट अंगणात, पावसात जाऊन पडलं. मी त्याला हरलास म्हणून ओरडले, कारण टपाल भिजलं. बारक्या रडायला लागला.

आबांचे गुडघे दुखतात. पण ते उठले, डोक्यावर घोंगडं घेतलं आणि चिखलात उतरून विमान घेऊन आले. चिठ्ठीची शाई पसरली होती, काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं. आबांनी ती धोतराला टिपली, उजेडात धरली आणि नाव माझं आहे असं सांगून माझ्या हातात दिली.