पेशीची ‘पोटन्सी’ ओळखणारा माणूस

टोटिपोटंट, प्लुरिपोटंट, मल्टिपोटंट... पेपरच्या आदल्या रात्री ही नावं पाठ करताना जीभ अडखळतेच. पण त्यातली ‘पोटन्सी’ आली कुठून? त्यासाठी हान्स ड्रीश यांना भेटायला हवं.

ड्रीश यांचा जन्म १८६७चा, जर्मनीतला. येना इथे अर्न्स्ट हेकेल यांच्याकडे शिकून १८८९मध्ये ते डॉक्टरेट झाले. त्याच्या आदल्याच वर्षी विल्हेल्म रू यांनी बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातली एक पेशी तापलेल्या सुईने मारली होती. उरलेल्या पेशीतून अर्धाच भ्रूण वाढला. म्हणजे प्रत्येक पेशीचं काम सुरुवातीलाच वाटून दिलेलं असतं, असं सगळ्यांना वाटलं.

१८९१मध्ये ड्रीश यांनी सी अर्चिन या काटेरी समुद्री जिवाचे दोन पेशींचे भ्रूण घेतले आणि पाण्यात जोरजोरात हलवून त्या पेशी सुट्या केल्या. अपेक्षा होती अर्ध्या अळ्यांची. निघाल्या अख्ख्या, फक्त आकाराने लहान! रू यांच्या प्रयोगात मेलेली पेशी शेजारीच चिकटून होती, फरक तिथे पडला होता, हे पुढे कळलं.

यातून ड्रीश यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पेशीचं प्रत्यक्षात काय होतं ही एक आणि तिचं काय काय होऊ शकतं ही दुसरी. ही दुसरी म्हणजे पोटन्सी.

आजचे प्रकार याच मापाने ठरतात. फलित अंडं टोटिपोटंट, त्यातून बाळही घडतं आणि वारही. काही दिवसांच्या भ्रूणातल्या मूलपेशी प्लुरिपोटंट: शरीरातली कुठलीही पेशी बनेल, पण वार नाही. अस्थिमज्जेतल्या रक्ताच्या मूलपेशी मल्टिपोटंट, त्या रक्ताच्याच वेगवेगळ्या पेशी बनवतात. शुक्राणू बनवणाऱ्या मूलपेशी युनिपोटंट, एकच काम.

ड्रीश मात्र एका प्रश्नात अडकले. यंत्र अर्धं कापलं तर दोन अख्खी यंत्रं कशी होतील? उत्तर सापडेना, तेव्हा जिवात एक अभौतिक शक्ती असते असं त्यांनी मानलं. प्रयोग सोडून ते तत्त्वज्ञानाकडे वळले, लाइपझिगला प्राध्यापक झाले. ते शांततावादी होते. १९३३मध्ये नाझींनी त्यांना सक्तीने निवृत्त केलं. १९४१मध्ये ते गेले.

उत्तर पुढे जनुकांत सापडलं. जवळपास प्रत्येक पेशीकडे जनुकांचा पूर्ण संच असतो, फक्त कुठली जनुकं चालू आणि कुठली बंद, एवढंच बदलतं. २००६मध्ये शिन्या यामानाका यांनी चार जनुकं घालून उंदराच्या त्वचेतल्या पेशी पुन्हा प्लुरिपोटंट करून दाखवल्या.

ड्रीश यांचा निष्कर्ष टिकला नाही. प्रयोग मात्र १३० वर्षांनंतरही पक्का आहे. लॅबमध्ये अपेक्षेच्या उलट रिझल्ट आला, तर तो फेकून देण्याआधी त्यांना एकदा आठवा.