संगणकाच्या विषाणूमागचे गणित

संगणकाला विषाणूची लागण होऊ शकते, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. या लागणीमागचे गणित मात्र पहिला संगणकीय विषाणू येण्याच्या कितीतरी आधी मांडले गेले होते. ते मांडणारे जॉन फॉन नॉयमन.

२८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमधील एका ज्यू बँकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलाने पोटापाण्याची विद्या शिकावी, असे वडिलांना वाटे. मुलाचा ओढा गणिताकडे. त्यांनी दोन्ही केले. १९२६ मध्ये झुरिचची रसायन अभियांत्रिकीची पदविका आणि बुडापेस्टची गणितातील डॉक्टरेट त्यांच्या हाती होती. १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पात त्यांचा मोठा वाटा होता. १९४५ मध्ये त्यांनी एडव्हॅक या संगणकाचा आराखडा लिहिला. त्यात आज्ञा आणि माहिती एकाच स्मृतीत ठेवण्याची मांडणी होती. आज्ञांचीही माहितीसारखी नक्कल करता येते, हीच गोष्ट पुढे विषाणूंच्या पथ्यावर पडली.

१९४९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील व्याख्यानांत त्यांनी एक विलक्षण प्रश्न हाताळला: यंत्र स्वतःसारखेच दुसरे यंत्र घडवू शकेल का? त्यांचे उत्तर होकारार्थी होते. यंत्राजवळ स्वतःचे वर्णन हवे. ते एकदा आज्ञा म्हणून पाळायचे आणि एकदा जसेच्या तसे उतरवून नव्या यंत्राला द्यायचे. चार वर्षांनी डीएनएची रचना उलगडली आणि पेशीही याच रीतीने चालते, हे पुढे स्पष्ट झाले.

१९५५ मध्ये त्यांना कर्करोगाचे निदान झाले. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. या विषयावरचे पुस्तक अर्धवट राहिले. आर्थर बर्क्स यांनी मागे उरलेली हस्तलिखिते आणि व्याख्याने जुळवून ते १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. ते कागद जपले गेले नसते, तर ही मांडणी अपुरीच राहिली असती.

पुढे कागदावरची कल्पना प्रत्यक्षात आली. १९७१ मध्ये ‘क्रीपर’ हा प्रोग्रॅम अर्पानेटवर एका संगणकावरून दुसऱ्यावर फिरला. १९८६ मध्ये लाहोरमध्ये लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या सुरुवातीच्या भागात शिरून पसरू लागला. दरम्यान फ्रेड कोहेन यांनी सिद्ध केले की, प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारा प्रोग्रॅम तयार करणे तत्त्वतःच अशक्य आहे.

अचूक चाचणीच नसेल, तर जुन्या रुग्णांच्या नोंदींना मोल येते. म्हणूनच सुरक्षा संशोधक जुन्या विषाणूंचे नमुने जपतात. नव्या नमुन्याचे कूळ त्यावरून लावता येते आणि ओळखण्याची नवी पद्धत त्यांच्यावर पारखून घेता येते. २००८ च्या सुमारास ‘मेब्रूट’ पसरला, तेव्हा डिस्कच्या सुरुवातीच्या भागात दडून बसण्याची जुनीच युक्ती त्यात दिसली. २०१६ मध्ये इंटरनेट अर्काइव्हने अशा जुन्या विषाणूंचे संग्रहालय सर्वांसाठी खुले केले. प्रयोगशाळेत जंतू निष्प्रभ करून ठेवावेत, तसा त्यांतला घातक भाग आधी काढून टाकला आहे.