इरावतीबाई आणि एका मुलीचा प्रश्न

स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिही, असा बॅचच्या ग्रुपवर निरोप आला. मी सॉफ्टवेअरवाली, लिहिण्याची सवय नाही. पण नाव लगेच सुचलं : इरावती कर्वे.

त्यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलं. शिक्षण पुण्यात, हुजूरपागेत. पुढे त्या महर्षी कर्व्यांच्या सून झाल्या. १९२८ मध्ये जर्मनीला गेल्या आणि मानवी कवट्या मोजल्या. गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व त्यातून दिसेल, अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती. मोजमापांत ते दिसलं नाही, आणि बाईंनी प्रबंधात तसंच लिहिलं. १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या.

१९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. उत्तरेत लग्न नात्याबाहेर, दक्षिणेत मामाच्या घरी. महाराष्ट्र या दोन्ही रीतींच्या मधला, असं त्यांनी मांडलं. आपण दुधनीकर तर नेमके त्या सीमेवरच! घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि वर्गातल्या कितीतरी मुलींचं आजोळ हेच सासर.

पण मला जवळचा वाटतो तो त्यांचा पंढरीच्या वारीवरचा लेख. पालखीबरोबर त्या चालल्या. एकाच दिंडीत भजन एकत्र, पंगती मात्र ब्राह्मणांची वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, हे पाहून त्यांना फार वाईट वाटलं. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या. मग त्या बायका मोकळ्या झाल्या, ताई म्हणू लागल्या, पुण्याला घरी येऊ म्हणाल्या. तेव्हा एका मुलीने विचारलं, की तिथेही तुम्ही आमच्याशी असंच वागाल का? तो प्रश्न मनाला लागल्याचं बाईंनी लपवलं नाही. स्वतःची श्रद्धा, मूल्यं त्या अशा चारचौघांत तपासायच्या.

१९६७ मध्ये 'युगान्त' आलं, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७० मध्ये बाई गेल्या.

मागच्या दिवाळीत दुधनीच्या बाजारात माझ्या बाकावरची मैत्रीण भेटली. पुण्याला येईन म्हणाली. मी घाईत 'ये ना गं' म्हटलं आणि गाडीत बसले. पत्ता दिलाच नाही. तिने काही विचारलं नाही, पण तो प्रश्न मला ऐकू आला.

मेळाव्याला ती येणार आहे. या वेळी पत्ता मी आधी देईन.