पारडीचा शिंपी, पार्ल्याची गोळी

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ सालची स्वारी आठवते आणि गुजराती माणसाच्या तोंडाला पाणी सुटते. जेवावे तर सुरतेस आणि मरावे तर काशीस, अशी इकडे म्हणच आहे. आम्हां बडोदेकर मराठी मंडळींना ही दोन्ही सुरतांची ओळख सारखीच जवळची. मनाने आम्ही पहिल्या गोटातले असलो, तरी जिभेने केव्हाच दुसऱ्या गोटात जाऊन बसलो आहोत. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे चांदणी पडव्याला, सुरतेत घारीच्या दुकानांपुढे जी गर्दी उसळते ती पाहण्यासारखी असते. आत मावा, पिस्ते आणि वेलदोडा, वरून थिजलेल्या तुपाचा पांढरा लेप. एक घारी खाल्ली की संध्याकाळच्या जेवणाची चिंता मिटली! सुरतेची नानखटाईही तशीच नामांकित. डच व्यापारी सुरत सोडून गेले तेव्हा त्यांच्या पावाच्या भट्ट्या दोटीवाला या पारशी घराण्याकडे आल्या, आणि त्या भट्ट्यांतून पुढे नानखटाई व बटर निघू लागले, अशी हकीकत सुरतेत आजही सांगतात.

या थोर पक्वान्नांच्या पंगतीत, मी आज ज्या गृहस्थांविषयी लिहिणार आहे त्यांची करामत अगदीच चिमुकली वाटेल. त्यांनी साखरेची नारंगी गोळी केली. घारी सणाला मिळते, श्रीखंड पाहुणे आले की होते. ही गोळी मात्र शाळेच्या वाटेवर, कोणाही मुलाला, हातातल्या किरकोळ नाण्याला मिळत असे. त्या गृहस्थांचे नाव मोहनलाल दयाळ चौहान. पार्ले या नावाने घरोघर पोहोचलेल्या गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्याचे ते संस्थापक.

मोहनलाल हे मूळचे वलसाडजवळच्या पारडीचे. आज पारडी वलसाड जिल्ह्यात मोडते, परंतु १९६० च्या दशकापर्यंत तो सगळा मुलूख सुरत जिल्ह्यातच होता. शेजारी गायकवाडांचा नवसारी प्रांत, आणि मध्येच ब्रिटिश अंमलातली ही गावे. जुन्या मराठी वाचकाला पारडी हे नाव दुसऱ्या एका कारणाने ठाऊक असते. पंडित सातवळेकर १९४८ साली औंध सोडून पारडीस आले आणि त्यांनी आपले स्वाध्याय मंडळ तेथे थाटले. वेदांवरच्या त्यांच्या पुस्तकांवर किल्ला पारडी, जिल्हा सुरत, हा पत्ता छापलेला असे. आमच्या घरच्या कपाटातही अशी पुस्तके होती, आणि लहानपणी मला वाटे की पारडी म्हणजे ऋषींचे गाव असावे. त्याच गावातून, पंडितजी तेथे येण्याच्या कितीतरी आधी, पोटापाण्यासाठी एक तरुण मुंबईस गेला होता, हे मला पुष्कळ पुढे समजले.

मुंबईस आले तेव्हा मोहनलाल अठराच्या आसपास होते. शिवणकामाचे शिक्षण घेऊन त्यांनी गावदेवी भागात आपले दुकान काढले. कापड बेतणे, माप घेणे, गिऱ्हाइकाची मर्जी राखणे, हा त्यांचा पहिला पेशा. दुकान चालले, पैसा आला, संसार वाढला. माणेकलाल, पीतांबर, नरोत्तम, कांतिलाल आणि जयंतीलाल असे पाच मुलगे हाताशी आले. दुसरा कोणी असता तर त्याने कापडाचे आणखी एक दुकान मुलांच्या नावे करून दिले असते आणि आपण माळ ओढीत बसला असता.

पण काळ निराळा होता आणि जागाही निराळी होती. ज्या गावदेवीत त्यांचे दुकान, तिथल्याच मणिभवनात १९१७ पासून गांधीजींचा मुंबईतला मुक्काम असे. स्वदेशीचे वारे मुंबईत शिरले ते याच भागातून. १९२१ च्या जुलैअखेर परळला विलायती कापडाची मोठी होळी झाली. स्वदेशीचा पहिला चटका कापडाला बसला आणि कापडाच्या धंद्यातल्या माणसाला तो अधिक जाणवला असणार, असे मला वाटते. विलायती कापड जाळणे त्या मानाने सोपे, कारण त्याच्या जागी खादी होती, गिरण्यांचे कापड होते. पण विलायती गोळ्या, चॉकलेटे आणि बिस्किटे? ती डब्यांत बंद होऊन बोटीने येत, आणि साहेबाच्या किंवा बड्या लोकांच्याच घरी उघडली जात. सामान्य मुलाने ती दुकानाच्या काचेतून पाहावी, एवढाच त्याचा त्यांच्याशी संबंध. त्यांच्या जागी ठेवायला आपल्याकडे यंत्रावर केलेले काही नव्हतेच म्हटले तरी चालेल.

मोहनलालांनी हेच हेरले. हाती चालता धंदा असताना ते गोळ्या करण्याची विद्या शिकण्यासाठी जर्मनीस गेले. मुलगे कर्ते झालेला बाप परदेशी जाऊन साखरेचा पाक शिकतो, ही गोष्ट त्या काळच्या चार शहाण्यांना खुळेपणाचीच वाटली असेल. पण ते विद्याही घेऊन आले आणि यंत्रेही. ती यंत्रे साठ हजार रुपयांची होती, असे त्यांच्या कारखान्याच्या इतिहासात सांगितले जाते. त्या काळचे साठ हजार!

येथे एखादा वाचक विचारील, की जर्मन यंत्रावर केलेली गोळी स्वदेशी कशी? प्रश्न रास्त आहे. पण बडोद्यात राहणाऱ्या माणसाला त्याचे उत्तर दूर शोधायला नको. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन काढले, ते सुरतेच्याच त्रिभुवनदास गज्जरांच्या हाताने. परदेशचा माल न आणता परदेशची विद्या आणावी आणि माल येथे करावा, हीच त्या संस्थेमागची दृष्टी होती. गज्जर हे रसायनशास्त्राचे पंडित. मोहनलालांपाशी पांडित्य नव्हते. परंतु जे धोरण एका राजाने आणि एका प्राध्यापकाने आखले, तेच या शिंप्याने आपल्या पदरच्या पैशाने आचरून दाखवले.

१९२९ साली मुंबईच्या उपनगरात, इर्ले आणि पार्ले यांच्या मध्ये, एका जुन्या पडीक कारखान्याची डागडुजी करून काम सुरू झाले. माणसे अवघी बारा, आणि त्यांतली बहुतेक घरचीच. यंत्र बिघडले की तेच कारागीर, हिशेब लिहायचा तर तेच कारकून, पाक उतरवायचा तर तेच आचारी. पार्ले तेव्हा मराठी मध्यमवर्गाची टुमदार वस्ती होती. टिळक विद्यालय आणि लोकमान्य सेवा संघ यांनी तिला आपला रंग दिलेला. पुढच्याच वर्षी, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात, पार्ल्यास सत्याग्रहींची छावणी पडली. तिकडे मोहनलालांच्या मूळ जिल्ह्यात दांडी आणि धारासणा गाजत होते. एका जिल्ह्याने देशाला मीठ दिले आणि त्याच जिल्ह्याच्या एका माणसाने साखर, असे कोणी म्हटले तर मी त्याला अतिशयोक्ती म्हणणार नाही.

कारखान्याचा पहिला माल म्हणजे नारंगी गोळी. ही गोळी करणे दिसते तितके सोपे नाही. नुसता साखरेचा पाक कढवून थंड केला तर तो पुन्हा रवाळ होतो; आपले बत्तासे आणि साखरेच्या गाठी अशाच होतात, आणि तोंडात टाकताच विरघळतात. गोळी काचेसारखी पारदर्शक आणि टणक व्हायची तर साखरेत द्रवरूप ग्लुकोज घालून पाक दीडशे अंशांच्या जवळपास तापवावा लागतो, म्हणजे त्यातले पाणी जवळजवळ सगळे उडून जाते. मग तो तेल लावलेल्या थंड पाटावर ओतायचा, कोमट असतानाच त्यात आंबटपणासाठी लिंबाचे सत्त्व, रंग आणि स्वाद मळायचा, त्याची दोरी ओढायची आणि ती साच्याच्या रुळांतून काढून गोळ्या पाडायच्या. घटकाभर उशीर झाला की पाक दगड होतो, घाई केली की हाताला फोड येतात. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत गोळी चिकट होते, ते निराळेच. कापड बेतताना जी नजर लागते, तीच येथेही लागत असावी. एकदा कात्री चालली की मागे फिरणे नाही.

आमच्या पिढीने लिमलेट, पेपरमिंट आणि रावळगाव ही नावे सारख्याच ममतेने घेतली. वालचंद हिराचंदांनी नाशिक जिल्ह्यात १९३३ साली साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून रावळगावच्या गोळ्या निघू लागल्या. परंतु वालचंद शेटजींपाशी ऊस होता, साखर होती, भांडवल होते. मोहनलाल त्यांच्या आधी या वाटेने गेले, आणि त्यांच्यापाशी होते ते शिवणयंत्रावर मिळवलेले पैसे आणि पाच मुलगे.

मला या गोळीत खरे महत्त्वाचे वाटते ते निराळेच. आपल्याकडे गोड पदार्थ हा कधीच नुसता गोड नव्हता. तो कोणी केला, कोणाच्या चुलीवर केला, कोणाच्या हातून घेतला, हे सगळे त्याच्याबरोबर येई. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचे जे प्रकरण झाले, त्यावरून केवढे ग्रामण्य माजले! टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावे लागले. सुरतेतही पावात ताडी पडते म्हणून तो न शिवणारी घरे होतीच. कागदात गुंडाळलेली यंत्राची गोळी आली आणि हा प्रश्न मुलांपुरता सुटला. ती कोणत्या चुलीवरची, हे विचारायला चूलच उरली नाही. वर्गातल्या मुलांनी एकमेकांच्या डब्यातले खाऊ नये असा घरचा दंडक होता तेव्हाही, गोळी मात्र सदऱ्याच्या टोकात धरून दातांनी तोडून निम्मी-निम्मी खाल्ली जाई. मी स्वतः खाल्ली आहे, आणि ज्याच्याबरोबर खाल्ली त्याच्या घरी पाणी पिण्याची मला तेव्हा मुभा नव्हती. मोहनलालांनी समाजसुधारणेसाठी कारखाना काढला असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या हातून ती थोडी घडली, हे मात्र म्हणतो.

१९३९ च्या सुमारास कारखान्याने बिस्किटे सुरू केली. लगोलग महायुद्ध आले, आणि पार्ले ग्लुको लष्करातही जाऊ लागले. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा फाळणीमुळे गव्हाची टंचाई झाली. त्या वेळी गहू पुन्हा मिळेपर्यंत जवाच्या बिस्किटांवर भागवावे, असे आवाहन कारखान्याने जाहिराती देऊन लोकांना केले. माल नाही म्हणून दुकान बंद न करता, आहे त्यात निभावून नेण्याची ही वृत्ती घरच्या गृहिणीची असते. कारखानदारात ती क्वचित दिसते.

पुढे मुलांनी व नातवांनी पसारा वाढवला. जयंतीलालांच्या शाखेने शीतपेयांत नाव काढले. गोल्ड स्पॉट, लिम्का, थम्स अप ही त्यांचीच. ती पेये १९९३ साली अमेरिकन कंपनीस विकली गेली. बिस्किटे आणि गोळ्या दुसऱ्या शाखेकडे राहिल्या. १९६३ साली किस्मी निघाली, १९६६ साली पॉपिन्स. किस्मीचा कागद सोडला की आधी वेलदोड्याचा वास येतो. हा वास घारीचा आहे, सुरतेकडच्या स्वयंपाकघराचा आहे. जर्मनीहून आणलेल्या विद्येत अखेर घरचा वेलदोडा पडलाच!

आता त्या नावाविषयी. कारखाना उभा करण्याच्या गडबडीत त्याला नाव द्यायचेच राहून गेले, आणि जेथे तो होता त्या गावाचे नाव लोकांनी त्याला दिले, असे सांगतात. गडबड असेल, पण पुढे सवड झाल्यावरही मोहनलालांनी ते बदलले नाही. लोक आपल्या नावाने धर्मशाळा बांधतात, बाकावरसुद्धा आपले नाव कोरतात. या माणसाने देशभर गेलेल्या कागदावर आपले नाव घातले नाही, आपल्या जन्मगावाचेही नाही. ज्या गावाने जागा दिली त्याचे घातले. म्हणून आज पार्ले कोणास ठाऊक नाही असे नाही, आणि मोहनलाल दयाळ कोण, हे विचारले तर दहांतले नऊ जण मान हलवतात.

बडोद्याहून मुंबईस जाताना पार्ले आले की गाडीच्या डब्यात भाजलेल्या बिस्किटांचा वास शिरत असे, आणि सामान आवरायची वेळ झाली हे घड्याळ न पाहता कळे. २०१६ साली तो जुना कारखाना बंद झाला. माल आता इतर ठिकाणी होतो. वासाची खूण गेली. पण त्याच लोहमार्गावर, वलसाड आणि अतुल मागे पडल्यावर, पारडीचे स्थानक अजून लागते. बहुतेक गाड्या तेथे थांबत नाहीत. बरोबर नातवंडे असतील तर तेवढ्या अर्ध्या मिनिटात त्यांना सांगावे, की येथून एक शिंपी मुंबईस गेला आणि तुमच्या खिशातली गोळी त्याने केली. मोहनलालांचे ऋण फेडायचे म्हटले तर एवढे पुरे आहे.